अळी जिवंत आहे, पण खाते का? परोपजीवी गांधीलमाशी आणि फवारणीचा निर्णय

(रब्बी कृषी सल्ला : हरभरा, मका, पपई, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठी)

प्रश्न : हरभऱ्याला 50 दिवस झाले. घाटे अळ्या आहेत, पण आठवडाभर तेवढ्याच्या तेवढ्याच. फिकट पडल्यात. मरस बी नही, खास बी नही. दुकानदार म्हणतो, फवारा. काय करू? (चोपडा तालुका)

आज फवारू नका. आधी दोन दिवस खाली दिल्याप्रमाणे तपासणी करा.

वर्णनावरून या अळ्यांमध्ये बहुधा कॅम्पोलेटिस क्लोरिडी या परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत आहे. गांधीलमाशी म्हटले की आपल्याला गोठ्याच्या आढ्याला पोळे करणारी, डंख मारणारी माशी आठवते. ही तशी नाही. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, काळसर, सडपातळ, लांब मिशांची असते आणि झाडावर सतत चाचपत फिरते. तिला पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली बारीक अळी लागते. सापडली की क्षणभर सुई टोचून आत एक अंडे सोडते आणि पुढे जाते. अळी त्या वेळी मरत नाही, कारण मेलेली अळी तिच्या काही कामाची नाही. पिल्लाला आठवडाभर ताजे अन्न हवे आणि आपल्या उन्हात मेलेली अळी दुसऱ्याच दिवशी सडते किंवा वाळते. म्हणून ही माशी अळीला जिवंत ठेवते, फक्त तिच्या शरीराचा कारभार बदलून टाकते.

ठिबक वापरणाऱ्याला हे लगेच समजेल. सबमेनवरचा एक व्हॉल्व्ह बंद करून दुसरा उघडला, तर मोटर तीच, विहीर तीच, वीजबिलही आपलेच, पण ओल पडते दुसऱ्याच्या ओळीत. अळीचे तसेच होते. ती जे खाते आणि पचवते, ते तिच्या स्वतःच्या वाढीला न जाता माशीच्या पिल्लाकडे वळते.

हे व्हॉल्व्ह कोणते, तेही पाहू. अंड्याबरोबर माशी एक विषाणूही आत सोडते. त्याला पॉलिडीएनए विषाणू म्हणतात. तो तिच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे आणि तयार होतो फक्त तिच्या अंडाशयात. अळीत गेल्यावर तो वाढत नाही, पण अळीच्या पेशींना आपल्या हुकमाप्रमाणे कामाला लावतो. घाटे अळीला रोग लावून मारायला आपण फवारतो त्या एचएएनपीव्ही विषाणूशी याची गल्लत करू नका. तो एका अळीपासून दुसरीला लागतो, हा लागत नाही.

या विषाणूमुळे पहिली ढिली पडते ती प्रतिकारशक्ती. एरवी अळीच्या शरीरात परके काही शिरले की रक्तपेशी त्याला चहूबाजूंनी गुंडाळून, काळे करून गुदमरवतात. टोचलेल्या अळीत त्या पेशी निकामी होतात आणि अंडे सुखरूप राहते.

त्यानंतर वाढ थांबते. कात टाकायला आणि पुढे कोष करायला अळीला एक्डायसोन हे हार्मोन लागते. ते तिच्या छातीतल्या ग्रंथीतून येते. अमेरिकेत आढळणाऱ्या कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिस या भाऊबंद जातीवर बारकाईने काम झाले आहे. तिच्या विषाणूमुळे यजमान अळीची, म्हणजे जिच्यात पिल्लू वाढते तिची, ही ग्रंथीच झिजून जाते, कोषासाठी साठवायची प्रथिने तयार होणे घटते आणि खाल्लेल्या अन्नाचे अंगात रूपांतर कमी होते. तुमच्या शेतातली अळी आठ दिवस तेवढीच दिसते, ती यामुळे.

उरला साखर-चरबीचा हिशेब. अळीच्या रक्तातली मुख्य साखर ट्रेहॅलोज आणि तिचे कोठार म्हणजे अंगभर पसरलेला मेदपिंड. आपल्या यकृताचे काम तिच्यात तोच करतो. पिल्लू या कोठारावर जगते. बहुतेक परोपजीवी गांधीलमाश्यांना मोठेपणी साखरेपासून चरबी बनवताच येत नाही. अंडी घालण्यासाठी आणि आयुष्यभर पुरण्यासाठी जी चरबी लागते, ती पिल्लूपणीच यजमानाच्या अंगातून घ्यावी लागते. या गोष्टीचा शेताच्या बांधाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

आता तपासणी. अळी खात नाही म्हणजे आत माशीच आहे, असे धरून चालू नका. कात टाकण्याआधी निरोगी अळीही साधारण दिवसभर खाणे सोडून गप्प बसते. एचएएनपीव्ही विषाणूने आजारी झालेली अळी शेंड्याकडे चढते, उलटी लटकते आणि हात लावला की फुटून घाण वासाचे पाणी येते. बुरशी लागलेली कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवट भुकटी धरते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांच्या खाली उतरला की सकाळी सगळ्याच अळ्या सुस्त असतात, तेव्हा पाहणी ऊन वर आल्यावर करा.

शेतात दहा ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजा. प्रत्येक ठिकाणच्या बारीक अळ्या आणि दीड सेंटिमीटरपेक्षा मोठ्या अळ्या वेगळ्या लिहा. त्यातल्या 20 बारीक अळ्या घरी आणा. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा, कारण घाटे अळ्या एकमेकींना खातात आणि एका डबीत ठेवल्यास हिशेबच लागणार नाही. डबी स्वच्छ हवी, झाकणाला सुईने भोके पाडा, तळाशी पांढरा कागद घाला, हरभऱ्याचा कोवळा शेंडा द्या. कीटकनाशकाची रिकामी डबी किंवा बाटली धुऊनही वापरू नका. 24 तासांनी कागदावरच्या लेंड्या पाहा. निरोगी अळीच्या कागदावर लेंड्यांचा सडा पडलेला असतो. टोचलेल्या अळीच्या कागदावर त्या तुरळक आणि बारीक असतात. शंका राहिली तर शेंडे रोज बदलून आठवडाभर ठेवा. आत माशी असेल तर अळीतून पिल्लू बाहेर येऊन करड्या-पांढऱ्या रंगाचा, काळसर ठिपक्यांचा लांबट कोष विणते आणि अळीची रिकामी कातडी त्याला चिकटून राहते. शेतात पानांवर असे कोष दिसले तर डबीची परीक्षाही नको, उत्तर मिळाले.

निर्णय असा घ्या. हरभऱ्यासाठी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास फवारणी परवडते ती, मीटर ओळीला 1 ते 2 अळ्या ही आहे, पण मोजायच्या त्या खाणाऱ्या अळ्या. समजा मीटरला सरासरी 2 बारीक अळ्या सापडल्या आणि डब्यांतल्या 20 पैकी 12 खात नाहीत, तर खाणाऱ्या अळ्या मीटरला 1 च्या आतच आहेत. चार-पाच दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. मोठ्या अळ्यांबाबत मात्र ही सवलत नाही. ही माशी मोठ्या अळीला टोचत नाही, तेव्हा घाट्यात डोके खुपसून बसलेली मोठी अळी निरोगीच समजा. त्या वेचून काढा आणि एकरी 20 पक्षीथांबे लावा. कोतवाल आणि मैना मोठीच अळी आधी उचलतात.

खाणाऱ्या अळ्या पातळीच्या वर गेल्या तर क्रम असा : अळ्या बारीक असताना 5 टक्के निंबोळी अर्क किंवा संध्याकाळच्या वेळी एचएएनपीव्ही, हेक्टरी 500 एलई म्हणजे एकरी 200 एलई (एलई हे विषाणूच्या मात्रेचे माप). मोठ्या अळ्यांचे प्रमाण जास्त असेल तर क्लोरॅनट्रॅनिलीप्रोल 18.5 एससी, 10 लिटर पाण्याला 2.5 मिली. त्यातल्या त्यात हे औषध परोपजीवी माश्यांना कमी बाधते. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस आणि यांची मिश्रणे इथे नकोत. ती अंगाला लागून मारतात. पानावर फिरणारी माशी मरते आणि टोचलेल्या अळीबरोबर तिच्यातले पिल्लूही जाते. जी अळी तशीही तुमचे नुकसान करणार नव्हती, तिच्यावर पैसे घालून पुढच्या पिढीचा राखणदार मारायचा, हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

फवारणीनंतर "औषध लागले नाही, अळ्या जिवंत आहेत" अशी तक्रार बऱ्याचदा येते, तिचेही एक कारण इथेच आहे. बीटी (जिवाणूपासूनचे कीटकनाशक), एनपीव्ही ही पोटातून काम करणारी औषधे आहेत. टोचलेली अळी फारसे खातच नाही, तर औषध पुरेसे पोटात जाणार कसे? ती झाडावर जिवंत दिसते आणि आपण दुसऱ्या, जहाल फवारणीकडे वळतो. म्हणून फवारणीचा परिणाम पाहताना जिवंत-मेलेली मोजू नका, ताज्या लेंड्या आणि नवे कुरतडलेले शेंडे पाहा.

प्रश्न : मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी आहे. काही अळ्यांच्या अंगाला पांढऱ्या तांदळासारखे कोष चिकटलेत आणि अळी अजून हलते. चिरडू का? (शिरपूर तालुका)

चिरडू नका. ही अळीची अंडी नाहीत. कोटेशिया जातीच्या गांधीलमाशीची पिल्ले अळीचे अंग फोडून बाहेर आली आहेत आणि त्यांनी शेजारीच कोष विणले आहेत. अळी हलेल, डिवचले तर डोके झटकेल, पण मका खाणार नाही.

ती का खात नाही, हे तंबाखूवरच्या शिंगअळीत नीट तपासले गेले आहे. कोटेशिया काँग्रेगाटाची पिल्ले बाहेर पडायच्या काही तास आधीच अळीचे खाणे आणि चालणे थांबते. त्याच सुमारास तिच्या रक्तातले ऑक्टोपामीन हे संदेश-रसायन वाढलेले असते. या गटात वाढीचा व्हॉल्व्हही वेगळ्या तऱ्हेने बंद केला जातो. अळीला अळीच ठेवणारे ज्युव्हेनाइल हार्मोन रक्तात चढे राहते, ते मोडणारे विकर दबते आणि अळी कोषात जातच नाही.

याच्या नेमके उलट काम केलोनस जातीच्या माश्या करतात. त्या अंड्यात टोचतात, पण बाहेर पडतात अळीतून. त्यांच्या प्रभावाखाली अळी वेळेआधीच, पूर्ण वाढ न होता, कोषाची तयारी सुरू करते. लहानखुऱ्या अळ्या खाणे सोडून वळवळत खाली जाताना दिसल्या तर "औषधाने पळाल्या" असे लगेच धरू नका.

मक्यात निर्णयासाठी अळीपेक्षा पोंगा पाहा. ओला, पिवळसर, लाकडाच्या भुशासारखा चोथा म्हणजे अळी आज खाते आहे. चोथा वाळून तपकिरी पडला आहे आणि नवे पान छिद्रांशिवाय वर येते आहे, म्हणजे तिथले काम थांबले आहे. पाच ठिकाणी ओळीने 20-20 झाडे पाहून ताजा चोथा असलेलीच झाडे मोजा. रोपावस्थेत शंभरात 5 आणि पोंगे भरल्यावर 10 झाडे झाली की फवारणीचा विचार करा. क्लोरॅनट्रॅनिलीप्रोल 18.5 एससी, 10 लिटरला 4 मिली, नोझल पोंग्यावर धरून. वरून उडवलेली फवारणी पानावर राहते आणि अळी पोंग्यात.

ज्वारी-मक्याचे खोड चिरल्यावर खोडकिड्याच्या बोगद्यात पांढऱ्या कोषांचा झुबका दिसला तर तीही कोटेशियाच, फ्लॅव्हिपेस जातीची. ते धसकट लगेच जाळू नका. आठवडाभर बांधावर सावलीत पडू द्या, माश्या उडून जातील.

प्रश्न : ट्रायकोकार्ड लावले, तरी अळ्या दिसतात. कार्ड बोगस होते का? (जामनेर तालुका)

असूही शकते, पण बहुतेक वेळा चूक वेळेची असते. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीने टोचलेली पतंगाची अंडी चिकटवलेले कार्ड. ही माशी फक्त किडीच्या अंड्यात अंडी घालते, अळीला हात लावत नाही. टोचताना आत गेलेल्या द्रवामुळे यजमान अंड्यातला गर्भ वाढायचा थांबतो, बलक विरघळतो आणि पिल्लू तो पिते. मात्र अंडे ताजे हवे. गर्भाचे डोके तयार झालेले शिळे अंडे तिच्या उपयोगाचे नाही. घाटे अळीची अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, लष्करी अळीची दोन-तीन दिवसांतच. अळ्या दिसल्यावर कार्ड आणणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणे. कामगंध सापळ्यात पतंग यायला लागले की कार्ड लावायचे.

कार्डावर साधारण 20,000 अंडी असतात, तांदळाच्या पतंगाची. टोचलेले अंडे तीन-चार दिवसांत काळे पडते. भिंग लावून पाहा. बहुतेक अंडी काळी नसतील तर कार्ड परत करा. काळ्या अंड्यांना बारीक गोल भोके पडलेली असतील तर माश्या वाटेतच उडून गेल्या आहेत. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही तिची भाऊबंद माशी हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी 3 कार्डे, फुलोऱ्यापासून 10 दिवसांच्या अंतराने. मक्यात लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा अंड्यांवरचीच दुसरी माशी टेलेनोमस रेमस एकरी 50,000, आठवड्याच्या अंतराने. लष्करी अळीच्या अंडीपुंजावर केसांचा थर असतो, खालच्या अंड्यांपर्यंत ट्रायकोग्रामा नीट पोचत नाही. टेलेनोमस मिळत असेल तर तीच घ्या.

पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, संध्याकाळी टाचा. सकाळी दहाला लावलेले कार्ड जळगावच्या उन्हात दुपारपर्यंत भाजून निघते. पारा 35 अंशांच्या वर राहिला की ट्रायकोग्रामाचे काम घसरते, म्हणून मे महिन्यातल्या लागवडीच्या कपाशीवर घाईने कार्डे लावण्यात अर्थ नाही. मुंग्यांचा उपद्रव असेल तर खोडाला ग्रीसचा पट्टा ओढा. जहाल फवारणी झालेल्या शेतात पुढचे 10-15 दिवस कार्ड लावू नका.

आणि हरभऱ्यात ट्रायकोकार्ड घेऊच नका, कुणी फुकट दिले तरी. हरभऱ्याच्या लवेतून सुटणारी आंब तिला सोसत नाही. तिथे कॅम्पोलेटिसच हक्काची.

प्रश्न : खरिपात सोयाबीनवर एरवीपेक्षा जाड उंटअळ्या दिसल्या. माशी लागली की अळी बारीक होते ना? (यावल तालुका)

एका अळीत एकच पिल्लू असेल तर बहुधा अळी खुरटते. आत पुष्कळ पिल्ले असतील तर अन्नही पुष्कळ लागते आणि अळी निरोगी अळीएवढी किंवा जास्तही वाढते. उंटअळीवरची कोपिडोसोमा ही याची कमाल आहे. उंटअळीच्या अंड्यात ती एक-दोनच अंडी घालते, पण त्यातला गर्भ दुभंगत दुभंगत हजारापेक्षा जास्त पिल्ले होतात. अशी अळी जास्त खाते आणि जास्त दिवस खाते. शेवटी ती कडक होऊन आत दाटीने कोष भरलेली दिसते. इथे लेंड्यांची परीक्षा फसते, हे लक्षात ठेवा. पानांचे नुकसान पातळीच्या वर असेल तर "आत माशी आहे" म्हणून थांबू नका. या माशीचा फायदा पुढच्या पिढीत दिसतो, चालू हंगामात नाही.

प्रश्न : करडईवरचा काही मावा फुगून तपकिरी झाला आहे. पपईवरच्या पिठ्या ढेकणातही तसेच दिसते. हा रोग आहे का? (शहादा तालुका)

रोग नाही. त्या ममी आहेत. ॲफिडियस गटातली माशी माव्यात एक अंडे घालते. तिच्या विषाने माव्याची अंडाशये झिजतात. मावा जिवंत राहतो, रसही शोषतो, पण त्याला पोरे होणे थांबते आणि त्यासाठी लागणारे अन्न पिल्लाकडे वळते. माव्याच्या पोटात त्याला अमिनो आम्ले पुरवणारे जिवाणू असतात, तेही पिल्लाच्याच कामी येतात. शेवटी उरते ते सोनेरी-तपकिरी, फुगीर टरफल. काळी ममी असेल तर माशी ॲफेलिनस गटातली. पाठीला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून गेली आहे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण देशात 2008 मध्ये कोइमतूर भागात नोंदला गेला आणि 2010 मध्ये त्याच्यावरची ॲसिरोफॅगस पपये ही माशी बाहेरून आणून सोडली गेली. तेव्हापासून तिने या किडीला चांगलाच आवर घातला आहे, जिथे आपण तिला राहू दिले तिथे. फुगलेले, तपकिरी पडलेले ढेकूण दिसत असतील तर झाडाला जहाल औषध देऊ नका. जास्त लागलेली पाने-फळे तोडा, खोडावरच्या मुंग्यांचा रस्ता बंद करा. मुंग्या गोड चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत.

प्रश्न : माश्या एवढ्या कामाच्या, तर शेतात टिकत का नाहीत? (अमळनेर तालुका)

वर सांगितलेला चरबीचा हिशेब आठवा. मोठ्या माशीला नवी चरबी बनवता येत नाही. पिल्लूपणी मिळालेली शिदोरी उडण्यात खर्च झाली की संपली. फुलांतला मध मिळाला तर ती उडण्यासाठी साखर जाळते आणि चरबी अंड्यांसाठी राखते. तणनाशकाने बांध साफ केलेल्या, सलग एकाच पिकाच्या शेतात तिला साखर मिळत नाही, म्हणून ती टिकत नाही.

हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी टाका आणि त्या फुलावर येऊ द्या. भाजीला सगळी उपटलीत तर उपयोग नाही. कोथिंबीर-बडीशेपेची फुले उथळ असतात, या बारीक माश्यांचे तोंड तिथे पोचते. हरभऱ्यात अशा ओळींनी कॅम्पोलेटिस वाढल्याचे दिसून आले आहे. यंदा राहून गेले असेल तर पाण्याच्या दांडाला आता धणे टाका, उशिरा पेरलेल्या हरभऱ्याला तरी कामी येतील. थंडी आहे तोवर कॅम्पोलेटिस जोरात असते. ऊन तापायला लागल्यावर तिच्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : ज्वारीच्या कोठीत अळ्या निपचित पडल्यात आणि बारीक माश्या फिरतात. धान्य खराब झाले का? माश्या चावतात का? (पाचोरा तालुका)

माश्या माणसाला चावत नाहीत. ही बहुधा ब्रॅकॉन हेबेटर आहे, धान्यातल्या पतंगाच्या अळ्यांवर जगणारी. तिची तऱ्हा कॅम्पोलेटिसहून निराळी आहे. ती अळीला लुळी करून टाकते आणि अंडी अंगावर, बाहेरून चिकटवते. विषामुळे नसांकडून स्नायूंना जाणारा इशारा तुटतो, पण काळीज चालू राहते. म्हणून अळी दिवसेंदिवस ताजी राहते आणि पिल्ले बाहेरून तिचे रस शोषतात. ट्रायकोकार्डासाठी हेच पतंग पाळणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र हीच माशी शिरली की डोकेदुखी होते.

कोठीत ती दिसणे म्हणजे आत पतंगाची कीड आधीपासून आहे. खाण्याच्या धान्यावर कोणतेही औषध फवारू नका. ज्वारी बाहेर काढून चाळा, जाळी धरलेले गठ्ठे वेगळे करा, दोन कडक उन्हे द्या आणि दाणा दाताखाली कट्‌ आवाज करू लागला की थंड करून कोरड्या कोठीत भरा. वाळवताना माश्याही जातील, त्याची फिकीर करू नका.